व्हीआर हेडसेट घ्यायचा की नाही: पैसे टाकण्याआधी काय तपासायचं

दिवाळीचा बोनस जमा झाला, किंवा अमेरिकेतल्या भाच्याचा "मामा, येताना काय आणू?" असा फोन आला, की हल्ली सांगलीतल्या घरांतही व्हीआर हेडसेटचा, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायच्या यंत्राचा, विषय निघतो. शाळकरी पोरगं तर रील्स बघून आधीच तयार असतं. मग चर्चा थेट किमतीवर येते: केवढ्याला पडतो, ईएमआय बसतो का, पुण्यात स्वस्त मिळेल का.

किंमत नंतर बघू. आधी तीन गोष्टींचा निकाल लावायचा: हेडसेट तुमच्या डोक्याला सोसतो का, त्यावर तुम्ही नेमकं काय करणार, आणि घरात हात पसरायला जागा आहे का. यातल्या एकाचं जरी उत्तर "नाही" आलं, तर तिथंच थांबा.

पहिली पायरी: कुठली वस्तू म्हणतोय ते ठरवा

व्हीआर हेडसेट म्हणून बाजारात तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिला प्रकार म्हणजे फोन घालायचा डबा. दोन भिंगं, एक पट्टा, आणि आत तुमचाच फोन. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला तो हाच; २०२१ मध्ये त्यांनी त्याची विक्री थांबवली. आपल्याकडे २०२३ मध्ये आयपीएलच्या सुमारास १,२९९ रुपयांना आलेला जिओडाइव्हही याच जातीचा. यासाठी फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कसा वळला ते ओळखणारा सेन्सर) लागतो आणि स्वस्त फोनमध्ये तो बऱ्याचदा नसतो. तपासायला सोपं आहे: यूट्यूबवर ३६० अंशांचा कुठलाही व्हिडिओ लावा आणि स्क्रीनला बोट न लावता फोन हातात धरून स्वतःभोवती फिरा. फोनबरोबर चित्र फिरलं तर जायरोस्कोप आहे.

या डब्याला तुमची मान कुठं वळली एवढंच कळतं. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलं, वाकलात, हे त्याला कळत नाही. समजा आयर्विन पुलावर उभं राहून घेतलेला ३६० अंशांचा व्हिडिओ लावलाय. मान वळवली की इकडं कृष्णा, तिकडं घाट, सगळं दिसेल. पण कठड्याशी जाऊन खाली डोकावून पाणी बघता येणार नाही. तोच पूल कॉम्प्युटरवर त्रिमितीत उभा केला आणि दुसऱ्या प्रकारच्या हेडसेटमधून पाहिला, तर डोकावताही येईल. (नुसता व्हिडिओ असेल तर तो महागड्या हेडसेटमध्येही डोकावू देत नाही. विकणारा हे सांगत नाही.)

दुसरा प्रकार स्वयंपूर्ण हेडसेटचा. फेसबुकवाल्या मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, त्याचा स्वस्त भाऊ क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये. प्रोसेसर, बॅटरी, पडदे सगळं आतच. बाहेरच्या अंगाला असलेले कॅमेरे खोली बघतात आणि तुम्ही कुठं सरकलात, हात कुठं नेलात त्याचा हिशेब ठेवतात. कॉम्प्युटर लागत नाही.

तिसरा दुसऱ्या यंत्राला बांधलेला. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ प्लेस्टेशन ५ शिवाय जवळपास निरुपयोगी. पीसीला जोडायचा तर वेगळा ॲडाप्टर आणि तगडा गेमिंग पीसी लागतो. ॲपलचा व्हिजन प्रो खरं तर दुसऱ्या प्रकारातलाच, पण तो २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला. तो घेणाऱ्याला माझ्या सल्ल्याची गरज नसावी.

नवख्या माणसाने विचार करायचा तो दुसऱ्या प्रकाराचा. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे. हजार-बाराशेचा डबा लावून "व्हीआर म्हणजे काही खरं नाही" असं ठरवू नका, आणि त्याच डब्यावर भाळून चाळीस हजारही काढू नका. दोन्ही अनुभवांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

दुसरी पायरी: डोक्यावर चढवून बघा, आणि नीट बघा

ही पायरी टाळून हेडसेट मागवणाऱ्याला मी तरी समजावत बसत नाही. रिव्ह्यूचे दहा व्हिडिओ बघून जे कळत नाही ते पंधरा मिनिटांत कळतं: तुम्हाला मळमळतं का.

कारण साधं आहे. डोळे सांगतात आपण चालतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण उभेच आहोत. मेंदूला दोन्ही साक्षी जुळवता येत नाहीत आणि पोट ढवळतं. आंबा घाटात एसटीत बसून मोबाइल वाचणाऱ्याला होतं ते याच्या उलट: तिथं कानाला वळणं कळतात आणि डोळ्यांना नाही. म्हणून गाडी लागणाऱ्यांनी व्हीआर आधी नक्की लावून बघावा. गाडी लागते म्हणजे व्हीआर लागेलच असं मात्र नाही.

लावून कुठं बघायचा? ओळखीत कुणाकडे असेल तर उत्तम. नाहीतर पुण्याला जाणं होतंच; तिथल्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये मिळतो. पण हलणाऱ्या खुर्चीवर बसवून रोलर कोस्टर दाखवतात ती चाचणी धरू नका. त्यात धडधाकट माणसालाही गरगरतं, आणि घरी तुम्ही तसं काही करणार नसता.

चाचणी अशी घ्या. आधी एका जागी उभं राहून खेळायचा गेम मागा. तालावर येणारे ठोकळे दोन्ही हातांतल्या तलवारींनी कापायचे तो बीट सेबर बहुतेक ठिकाणी असतो. दहाएक मिनिटं. यात शरीर जेवढं हलतं तेवढंच चित्र हलतं, त्यामुळे बहुतेकांना त्रास होत नाही. मग हातात धरायच्या कंट्रोलरवरची काडी (जॉयस्टिक) पुढे ढकलून चालायचा एखादा गेम पाच मिनिटं. खरी परीक्षा इथं. घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, जांभया यायला लागल्या की त्या क्षणी काढा. "सवय होईल" म्हणून रेटायचं नाही. रेटलं की त्रास तासन्‌तास राहतो आणि पुढच्या वेळी नुसता पट्टा आवळला तरी नको वाटतं. सवय बऱ्याच जणांना होते, पण रोज थोडं थोडं करून. काहींना कधीच होत नाही. पहिला गेम सोसला आणि दुसरा नाही, तरी हेडसेट बाद होत नाही. एका जागी खेळायचे गेम पुष्कळ आहेत. पहिलाच सोसला नाही तर मात्र विषय संपला.

चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून बघा. फ्रेम रुंद असेल तर बसत नाही, किंवा चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासते आणि दोन्हींवर ओरखडे पडतात. नंबरची वेगळी भिंगं बनवून आत बसवता येतात, त्याचा खर्च वेगळा धरा.

आणखी एक माप काढून ठेवा: दोन बुबुळांमधलं अंतर. चष्म्याच्या दुकानात याला पीडी म्हणतात; सांगली-मिरजेत कुठल्याही ऑप्टिशियनकडे दोन मिनिटांत मोजून मिळेल. मोठ्या माणसांत ते साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. क्वेस्ट ३ वर चाक फिरवून भिंगांमधलं अंतर हवं तसं जुळवता येतं. क्वेस्ट ३एस वर फक्त तीन खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८. तुमचं माप या तिन्हींपासून लांब असेल तर चित्र कडेला धूसर दिसेल, डोकं दुखेल, आणि दोष मात्र हेडसेटला जाईल.

वजनाचाही अंदाज याच वेळी येतो. क्वेस्ट ३ भरतो ५१५ ग्रॅम. अर्धा किलो बेदाण्याचं पाकीट कपाळाला बांधल्यासारखं, आणि भार सगळा पुढे. सोबत येणाऱ्या कापडी पट्ट्याने गालांवर वळ उठतात, म्हणून बरेच जण मागून आधार देणारा पट्टा वेगळा घेतात.

तिसरी पायरी: "कशासाठी" हे एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा. "मजेसाठी" हे उत्तर चालणार नाही. "आठवड्यातून चार दिवस सकाळी घरीच अर्धा तास घाम काढायला" हे चालेल. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच झकास जातात. दहाव्या दिवशी तो कपाटातून काढायला काही कारण आहे का, हे या वाक्यातून कळतं.

सिनेमा आणि क्रिकेट बघायला घ्यायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. क्वेस्ट ३ मध्ये एका अंशाच्या कोनात साधारण २५ पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) बसतात, ३एस मध्ये २०; निरोगी डोळा ६० पर्यंत बारकावे ओळखतो. म्हणजे पडदा थिएटरएवढा मोठा दिसला तरी चांगल्या टीव्हीइतका रेखीव दिसत नाही. त्याहून मोठी अडचण घरगुती आहे. टीव्ही चार जण बघतात, हेडसेट एकाच्या डोक्यावर असतो. भारत-पाकिस्तान मॅच, शेवटची ओव्हर, आणि घरातला एक जण तोंडावर डबा लावून कोपऱ्यात एकटाच ओरडतोय, हे आपल्या घरांत फार दिवस खपत नाही. क्वेस्टमधलं चित्र टीव्हीवर टाकता येतं, तेवढी सोय मात्र चांगली आहे; पाहुण्यांत पाळीपाळीने खेळताना तिच्यामुळेच रंगत येते.

ऑफिसचं काम, एक्सेल, मोठ्या आभासी पडद्यावर लिखाण: वर सांगितलेल्या त्याच पिक्सेलच्या हिशेबाने आत्ता नको.

व्यायाम हे मात्र खरं कारण आहे. ठोसे मारायचे, ठोकळे कापायचे, वाकून अडथळे चुकवायचे गेम मनापासून खेळले तर वीस मिनिटांत बनियन भिजतो. पावसाळ्यात आमराईत फिरायला जाणं बंद पडतं, जिमला जायचा कंटाळा येतो, अशा माणसाला याचा उपयोग होतो. अट एकच: तुम्हाला आधीपासून थोडी व्यायामाची सवय हवी. हेडसेट सवय लावत नाही.

दुसरं खरं कारण, कमाई. सांगलीत फ्लॅट आणि बंगल्यांची कामं करणारे आर्किटेक्ट, इंटिरिअर डिझायनर यांना स्वयंपाकघराचा ओटा किती उंच, बेडरूममध्ये कपाट उघडल्यावर पलंगाला अडतं का, हे ग्राहकाला चालवून दाखवता येतं. नकाशा वाचता न येणारी आजीसुद्धा आत उभी राहिल्यावर "देवघर इकडं नको, तिकडं घ्या" म्हणून सांगते. पण सुरुवातीला खर्च नको. ज्या सॉफ्टवेअरवर चित्रं काढता त्यातून ३६० अंशांचा पॅनोरामा काढा आणि फोन घालायच्या डब्यात दाखवा. एका जागी उभं राहून बघायला तेवढं पुरतं. ग्राहक विचारायला लागले की मग मोठा हेडसेट.

वालचंद किंवा दुसऱ्या कॉलेजात शिकणाऱ्या, युनिटीवर (गेम आणि व्हीआर ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) हात बसवायची इच्छा असणाऱ्या मुलांनाही हेच लागू. हेडसेटशिवाय कॉम्प्युटरवर चालणारे सिम्युलेटर आहेत, पहिले महिने त्यांवर निघतात. नंतर चौघांत मिळून एक घ्या. प्रोग्रॅम लिहिताना तो तसाही बराच वेळ टेबलावरच असतो.

तिसरे, घरी आधीच गेमिंग पीसी, स्टिअरिंग, पेडल असलेले रेसिंगवाले. गाडीत बसून मान वळवून आरशात बघता येणं ही त्यांच्यासाठी वेगळीच गोष्ट. केबलने किंवा वायफायने क्वेस्ट पीसीला जोडता येतो. वायफायने जोडायचा तर पीसी राउटरला केबलने जोडा आणि हेडसेट राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा, नाहीतर चित्र अडखळतं आणि मघाचीच मळमळ परत येते.

या तिघांत तुम्ही बसत नसाल, तर मित्राचा आठवडाभर मागून आणणं हा मला अजून तरी सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो.

चौथी पायरी: खोली मोजा, आणि वर बघा

फिरत खेळायला मेटा सुचवते ती मोकळी जागा २ मीटर बाय २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट बाय साडेसहा फूट. एका जागी उभं राहून किंवा बसून खेळायला मीटरभर पुरतं. टेप घेऊन हॉल मोजा: दिवाण, टीपॉय, शोकेस धरून. रोज टीपॉय उचलून ठेवावा लागणार असेल तर आठवड्यानंतर तुम्ही तो उचलणार नाही, हे गृहीत धरा.

आता वर बघा. परदेशी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे हॉलच्या मध्यावर पंखा क्वचित असतो. आपल्याकडे मोकळी जागा नेमकी पंख्याखाली असते. साडेपाच फुटी माणसाने हात वर केला की बोटं सात फुटांच्या आसपास जातात. हातात कंट्रोलर, त्यात जोशात मारलेली उडी. पंख्याची पाती आठ फुटांवर असली तर फार फरक उरत नाही. गावभागातल्या जुन्या घरांत, जिथं छतच खाली आहे, तिथं तर बसूनच खेळायचं. सुरू करताना जमिनीवर जी हद्द आखतो ती ओलांडली की हेडसेट जाळी दाखवून सावध करतो, पण ती जाळी पंख्यासाठी नाही. पंखा बंद करा आणि कोपऱ्यात टेबल फॅन लावा. त्याचा वारा एकाच बाजूने येत असल्याने डोळे झाकलेले असतानाही आपलं तोंड कुठं आहे ते कळत राहतं, आणि मळमळही थोडी कमी होते. पायाखाली छोटी सतरंजी टाका. अनवाणी पायाला तिची कड लागली की मध्यावरून सरकलो हे कळतं.

कॅमेऱ्यांना उजेड लागतो. संध्याकाळी लाइट गेली तर बॅटरीवर हेडसेट चालू राहतो, पण अंधारात खोली दिसेनाशी झाली की बहुतेक हेडसेट गोंधळतात. बॅटरी चालते दोन-अडीच तास. तेवढा वेळ सलग कुणी लावूही नये.

पाचवी पायरी: आता किंमत

क्वेस्ट ३एस बाजारात आला तेव्हा त्याची अमेरिकेतली किंमत २९९.९९ डॉलर होती, क्वेस्ट ३ ची सुरुवातीची ४९९.९९. आपल्याकडे ऑनलाइन दिसणारा आकडा विक्रेत्यागणिक बदलतो, म्हणून आकड्याआधी बिल बघा. जीएसटीचं बिल मिळतं का? वॉरंटी भारतात कोण देणार, कंपनी की आयात करणारा विक्रेता? विक्रेता असेल तर लेखी घ्या. भाचा अमेरिकेतून आणणार असेल तर वॉरंटीसाठी पुन्हा त्याच्याच हातून परत पाठवावा लागू शकतो, याची तयारी ठेवा.

हेडसेटच्या किमतीत पट्टा, नंबरची भिंगं, घाम पुसता येईल असं सिलिकॉनचं कव्हर आणि गेम यांचा खर्च मिळवा. गेम बहुतेक विकतच घ्यावे लागतात. मग एक साधा हिशेब. समजा सगळं मिळून ४५,००० रुपये झाले. आठवड्याला तीन तास, दोन वर्षं वापरला तर ३१२ तास. तासाला १४४ रुपये पडले. पहिल्या महिन्यात वीस तास वापरून ठेवून दिला, तर तासाला २,२५०. तिसऱ्या पायरीत लिहिलेलं वाक्य इथं कामाला येतं.

क्वेस्ट ३ की ३एस? चष्मा असेल, पीडी अडनिडी असेल किंवा ग्राहकांना दाखवायचा असेल तर ३. त्याची भिंगं पातळ आणि कडेपर्यंत स्वच्छ आहेत. गेम आणि व्यायामासाठी ३एस पुरतो, प्रोसेसर दोन्हींत एकच.

जुना घ्यायचा झाला तर क्वेस्ट २ स्वस्तात दिसेल, पण काही नवे गेम फक्त ३ आणि ३एस साठीच येतात. जुना घेताना आत पांढरा पडदा उघडून काळे-पिवळे ठिपके शोधा. हेडसेटची भिंगं उन्हात पडली की भिंगातून ऊन एका ठिकाणी गोळा होऊन पडदा जळतो, आणि तो डाग जात नाही. कंट्रोलर टेबलावर ठेवून आभासी हात आपोआप सरकतोय का बघा. मालकाने तुमच्यासमोर आपलं खातं काढून हेडसेट रिसेट केल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरात लहान मूल असेल तर

मेटाची अट किमान १० वर्षांची आहे, आणि १० ते १२ च्या मुलांचं खातं आईवडिलांच्या देखरेखीखाली उघडावं लागतं. सोनी १२ वर्षांखालच्या मुलांना नको म्हणते. लहान मुलांची पीडी कमी असते, त्यामुळे त्यांना चित्र नीट जुळतही नाही. शिवाय हेडसेटमध्ये वस्तू जवळ आली की डोळे आत वळतात, पण फोकस एकाच ठरावीक अंतरावर अडकलेला असतो. हा ताण मोठ्यांनाही जाणवतो. अर्ध्या तासाने काढून गच्चीवर जाऊन लांबचं बघून यावं. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका. मिरज हाकेच्या अंतरावर आहे, डॉक्टरांचा तुटवडा नाही.

मागवलाच, तर पहिले काही दिवस

परत करायची मुदत किती दिवसांची ते ऑर्डर करतानाच लिहून ठेवा आणि खोका, पिशव्या, वायर बांधायच्या पट्ट्यासुद्धा तोवर टाकू नका. त्या मुदतीत घरातल्या प्रत्येकाने एकदा लावून बघावा, दोन्ही कंट्रोलरची सगळी बटणं दाबून व्हावीत, बॅटरी पूर्ण भरून किती वेळ पुरते ते एकदा बघावं, आणि दोन्ही डोळ्यांसमोरच्या पडद्यांत मेलेला (कधीच न उजळणारा) पिक्सेल नाही ना याची खात्री करावी. भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. सॅनिटायझर, कॉलिन काही नको. खिडकीतल्या उन्हात, गच्चीवर किंवा एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर क्षणभरही ठेवू नका, आणि ठेवताना भिंगं कायम भिंतीकडे वळवून कापडाने झाकून ठेवा.